‘२२ जून १८९७’ : विज्ञानाच्या तासाला

नचिकेत आणि जयू पटवर्धन यांचा ‘२२ जून १८९७’ हा मराठी चित्रपट १९७९ सालचा. शाळेत तो जरूर दाखवावा, असे आम्ही सुचवू. प्लेगने हादरलेले पुणे, गोऱ्या सोजिरांनी घेतलेल्या घरांच्या झडत्या, त्यातून पेटलेला संताप आणि चापेकर बंधूंनी गणेशखिंड रस्त्यावर केलेला रँडचा वध हे सारे त्यात संयमाने येते. ही त्याची मोठी जमेची बाजू.

विज्ञानाच्या शिक्षकाला मात्र तो अपुरा वाटेल. येथे प्लेग ही राजकीय नाट्याची पार्श्वभूमी आहे. रोग कसा पसरतो, सरकारचे उपाय योग्य होते का, दुसरा मार्ग होता का, हे प्रश्न शिल्लक राहतात. ते वर्गात विचारले पाहिजेत.

प्लेग उंदरांवरच्या पिसवांमार्फत पसरतो, हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ साली कराचीत दाखवले. म्हणजे १८९७ साली झडत्या घेणाऱ्यांना खरा वाहक ठाऊकच नव्हता. त्याच वर्षी १० जानेवारीला मुंबईत वाल्डेमार हाफकिन यांनी मेलेल्या प्लेगजंतूंपासून केलेली लस स्वतःला टोचून घेतली होती. पुढे भायखळ्याच्या तुरुंगात लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या कैद्यांची तुलनाही झाली. ही लस पूर्ण संरक्षण देत नव्हती, पण धोका कमी करत होती.

मग ती पुण्यात आणली की काम झाले असते का? ज्या सरकारचे शिपाई देवघरात शिरतात, त्याच सरकारची सुई दंडात कोण टोचून घेईल?

आमच्या मते या चित्रपटातून घेण्याजोगा धडा हाच आहे. लस शरीराला जंतूची ओळख आधीच करून देते. पण लसीकरण चालते ते विश्वासावर. गोवर माणसाकडून माणसाकडे जातो. बहुतेक मुलांनी लस घेतली तर ही साखळी तुटते आणि लशीचे वय न झालेली तान्ही बाळेही वाचतात. २०२२ साली मुंबईत गोवंडी भागात गोवराची साथ आली, तेव्हा आजारी पडलेल्यांत लस न घेतलेली मुलेच अधिक होती.

चित्रपट संपल्यावर विद्यार्थ्यांना एकच प्रश्न द्यावा : १८९७ च्या पुण्यात तुम्ही लस घेऊन निघाला असता, तर आधी कोणाच्या दारात गेला असता, आणि काय सांगितले असते?