स्थान आणि वस्तू : स्थलाधिष्ठित खेळांतील स्थळसूचनेचा विचार

स्थळांची नोंद ठेवणे हा मराठी गद्याचा फार जुना उद्योग आहे. चक्रधरस्वामींच्या लीळा म्हाइंभटांनी एकत्र केल्या. त्या लीळा कोणत्या गावी व कोणत्या देवळाच्या कोणत्या दिशेला घडल्या, हे पुढील पिढ्यांना सापडावे म्हणून महानुभावांनी स्थानपोथीसारखा ग्रंथ सिद्ध केला. एकोणिसाव्या शतकात सरकारी गॅझेटिअरांनी हेच काम प्रशासनाच्या दृष्टीने केले. या लेखनप्रकारात अलीकडे एका नव्या रूपाची भर पडली आहे. मोबाइलवर खेळल्या जाणाऱ्या स्थलाधिष्ठित खेळासाठी आपल्या गावातील एखादे ठिकाण सुचविताना खेळाडू जो मजकूर लिहितो, तो हा प्रकार होय. प्रस्तुत लेखात त्यास 'स्थळसूचना' असे म्हटले आहे. लिहिणारे हजारो असूनही अभ्यासकांचे लक्ष याकडे क्वचितच जाते. म्हणून त्याचे स्वरूप, त्याचे नियम आणि त्यांमागील स्थळाची कल्पना यांची तपासणी येथे योजिली आहे.

प्रथम व्यवस्थेचा परिचय करून घेणे अवश्य आहे. 'इन्ग्रेस' हा खेळ २०१२ च्या नोव्हेंबरात, त्या वेळी गूगलचाच भाग असलेल्या नायँटिक या संस्थेने प्रायोगिक रूपात सुरू केला. खेळाडूने घराबाहेर पडून प्रत्यक्ष त्या ठिकाणी जावे, ही त्याची मूळ अट. त्यासाठी लागणारी ठिकाणे आरंभी ऐतिहासिक स्मृतिफलकांच्या एका सूचीतून व स्थाननिर्देश असलेल्या छायाचित्रांतून घेतली गेली. पुढे खेळाडूंनाच ती सुचविण्यास सांगण्यात आले. अशा सुमारे दीड कोटी सूचना आल्या व त्यांपैकी पन्नास लाखांच्या आसपास स्वीकारल्या गेल्या, असे संस्थेचे प्रमुख जॉन हँके यांनी २०१६ मध्ये सांगितले होते. त्याच वर्षी जुलैत आलेल्या 'पोकेमॉन गो'ने हीच स्थळे वापरली. २०१९ पासून 'वेफेअरर' या नावाच्या व्यवस्थेत सूचना देणे आणि इतरांच्या सूचना तपासणे, ही दोन्ही कामे खेळाडू करू लागले.

स्थळसूचनेची अंगे ठरलेली आहेत : शीर्षक, वर्णन, वस्तूचे छायाचित्र, भोवतालचे छायाचित्र आणि समर्थनाचे निवेदन. यांतील शेवटचे अंग समीक्षकाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे. हे ठिकाण का मोलाचे आहे, गावकऱ्यांचे त्याच्याशी नाते काय, हे सूचक येथे मोकळेपणाने लिहितो. परंतु हे निवेदन केवळ परीक्षकांनाच दिसते. स्थळ मान्य झाल्यावर खेळणाऱ्याच्या वाट्याला शीर्षक, चित्र आणि एखाद्या ओळीचे वर्णन एवढेच येते. ज्या लेखनात स्थळाचे कारण सांगितले जाते ते निकालाबरोबर संपते, आणि जे उरते त्यात बहुधा कारण नसते. पुण्याच्या पेठांतील मारुतींचे उदाहरण घ्यावे. जिलब्या मारुती, पत्र्या मारुती, डुल्या मारुती, भिकारदास मारुती ही नावे म्हणजे त्या त्या आळीचा संक्षिप्त इतिहासच. यांपैकी एखाद्यास कोणी 'हनुमान मंदिर' असे शीर्षक दिले, तर दूरच्या परीक्षकास ते खटकण्याचे कारण उरत नाही. देऊळ नकाशावर येते, मारुती मात्र बाहेर राहतो.

आता निकषांकडे वळू. स्थळ शोधक वृत्तीला चालना देणारे, व्यायामास उपयोगी अथवा लोकांना एकत्र आणणारे असावे. तीनपैकी एक गुण पुरेसा आहे. याखेरीज ते कायमस्वरूपी, मूर्त व ओळखता येण्याजोगे असले पाहिजे आणि तेथे पायी सुरक्षितपणे पोहोचता आले पाहिजे. शाळांची आवारे व एका कुटुंबाच्या खासगी निवासाची जागा वर्ज्य आहे. हे निर्बंध बव्हंशी सुरक्षिततेसाठी आहेत आणि त्यांचे औचित्य नाकारता येत नाही. तथापि त्यांच्या पोटी स्थळाची एक विशिष्ट कल्पना दडलेली आहे. निसर्गनिर्मित गोष्ट, तिच्याजवळ फलक वा तत्सम मानवनिर्मित खूण नसल्यास, या निकषांत बसत नाही. गावातील वडाचा पार सुचवावयाचा झाल्यास वड अपात्र ठरेल आणि त्याच्या बुंध्याभोवतीचा दगडी चौथरा पात्र ठरेल. मराठी माणूस 'पारावर बसलो' म्हणतो तेव्हा सावली आणि चौथरा यांची अशी फाळणी त्याच्या मनात नसते. जुन्या वाड्यातील जे देऊळ मालकीने एका घराचे आणि वहिवाटीने साऱ्या आळीचे असते, त्यालाही या नियमांत स्वस्थ जागा मिळत नाही. कारण खासगी आणि सार्वजनिक यांमधली जी पायरी आपल्या वस्तीत होती, ती या नियमांना ठाऊक नाही.

मूर्ततेच्या अटीचा परिणाम अधिक खोल आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळातील दोन वाडे, विश्रामबागवाडा आणि बुधवारवाडा, १८७९ च्या आगीत सापडले. विश्रामबागवाड्याचा काही भाग जळाला, त्याची पुढे डागडुजी झाली आणि तो आज उभा आहे. बुधवारवाडा मात्र नष्ट झाला. खेळाच्या निकषांनी पाहिले तर पहिला निर्विवाद पात्र आहे. दुसऱ्याची सूचनाच संभवत नाही, कारण छायाचित्र घेण्यासारखे तेथे काही नाही. एखादा स्मृतिफलक भिंतीवर असला तर फलक पात्र होईल; म्हणजे स्मृतीला प्रवेश मिळण्यासाठी आधी कोणीतरी तिची वस्तू बनवली पाहिजे. हे फलक कोण लावतो? नगरपालिका, संस्था, पैसा व वेळ असलेले नागरिक. ज्या वस्तीकडे यांपैकी काहीच नाही, तिची स्मृती दाराबाहेरच थांबते.

ही शंका केवळ तार्किक नाही. वॉशिंग्टन शहरात अर्बन इन्स्टिट्यूटने २०१६ मध्ये केलेल्या पाहणीत गौरवर्णीयांची बहुसंख्या असलेल्या वस्त्यांत सरासरी ५५, तर कृष्णवर्णीयांची बहुसंख्या असलेल्या वस्त्यांत सरासरी १९ स्थळे आढळली. आरंभीच्या सूची कोणी केल्या आणि आरंभीचे खेळाडू कोणत्या वर्गातले होते, याच्याशी त्या वेळी या तफावतीचा संबंध जोडला गेला. कोणी एकाने बसून वस्त्या वगळल्या, असे मानण्याची आवश्यकता नाही. लिहिणारे हात जेथे होते तेथे स्थळे उगवली. नकाशातील रिकाम्या जागेचा अर्थ 'तेथे काही नाही' असा नसून 'तेथून कोणी लिहिले नाही' असा असतो. पण पाहणाऱ्याला तो पहिलाच अर्थ दिसतो.

याच्या उलट बाजूचा दाखलाही आहे. हिरोशिमाचे शांतिस्मारक उद्यान आणि आउश्वित्झचे स्मारक ही मूर्त, कायम आणि ओळखता येण्याजोगी ठिकाणे. साहजिकच २०१६ मध्ये तीही खेळाच्या नकाशात आली. दोन्ही ठिकाणच्या व्यवस्थापनांनी हरकत घेतली; ६ ऑगस्टच्या स्मृतिदिनापूर्वी हिरोशिमाच्या उद्यानातून ती चिन्हे काढण्यात आली. येथे वस्तूचे निकष पुरे झाले होते. तेथे काय घडले हे विचारणारा निकषच नव्हता. बुधवारवाड्याला बाहेर ठेवणारी आणि आउश्वित्झला आत घेणारी दृष्टी एकच आहे. ती वस्तू पाहते, घटना पाहत नाही.

स्थानपोथीची कल्पना नेमकी येथे वेगळी पडते. तेथे स्थान ठरते ते आसन, आरोगण, पहुड, वसती अशा क्रियांवरून. ओटा ही त्या क्रियेची खूण आहे. महत्त्व ओट्याचे नव्हे, तेथे घडलेल्या वास्तव्याचे. देवळाचे तोंड कोणीकडे, त्याच्या उत्तरेस काय, दक्षिणेस काय हा तपशील ती काटेकोरपणे देते. पण तो तपशील साधन असतो, साध्य स्मरण असते. भाविकाला तेथे नेऊन उभे करणे हा तिचाही हेतू होता. त्या अर्थी खेळ आणि पोथी दोन्ही माणसाला चालावयास लावतात. अंतर एवढेच की पोथी वाचून पोहोचलेल्याला आपण का आलो हे ठाऊक असते.

अर्थात खेळाकडून पोथीची अपेक्षा करणे हा अन्याय होईल. करमणुकीची निर्मिती करणाऱ्यांनी स्मरणाची जबाबदारी घेतलेली नव्हती. आणि त्यांच्या व्यवस्थेचे एक श्रेय मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. गॅझेटिअरला जे क्षुद्र वाटले असते ते हौद, ते भित्तिचित्र, चौकातले ते बिनगाजलेले शिल्प सामान्य माणसाने थांबून पाहिले आणि त्याविषयी चार वाक्ये लिहिली. ज्याने एरवी आयुष्यात स्थळवर्णन लिहिले नसते, त्याला या खेळाने लेखक केले. दोष त्या लेखकाचा नाही. त्याच्याकडून समर्थन लिहवून घेऊन ते वाचकापासून दूर ठेवणाऱ्या रचनेचा तो आहे.

या लेखनाच्या भवितव्याचा प्रश्नही त्यातच गुंतला आहे. खेळाडूंनी स्वेच्छेने पाठविलेल्या स्थळांच्या चित्रणावर जगाचे विशाल यांत्रिक प्रतिरूप उभारण्याची योजना नायँटिकने २०२४ मध्ये जाहीर केली. २०२५ मध्ये 'पोकेमॉन गो'सह खेळांचा व्यवसाय स्कोपली या कंपनीकडे गेला आणि 'इन्ग्रेस' नव्याने वेगळ्या झालेल्या नायँटिक स्पेशियलकडे राहिला. गावाने लिहिलेली गावाची वर्णने अशा रीतीने मालमत्ता म्हणून हात बदलतात. गावाकडे त्यांची प्रत नसते. स्थानपोथी टिकली ती एका समाजाने तिच्या प्रती पुन्हा पुन्हा उतरून घेतल्या म्हणून.

म्हणून स्थळसूचना लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला लेखन थांबविण्याचा सल्ला देणे योग्य ठरणार नाही. त्याने समर्थनाचे निवेदन पाठविण्यापूर्वी उतरून ठेवावे, त्यास तारीख घालावी, माहिती कोणत्या वृद्धाकडून वा कोणत्या कागदातून मिळाली ते नोंदवावे आणि ती प्रत गावच्या वाचनालयात द्यावी. आणि ज्या स्थानी आता छायाचित्र घेण्याजोगे काहीच उरलेले नाही, त्याचे वर्णन त्याने सर्वांत आधी लिहावे; कारण खेळाच्या नकाशात ते कधीच येणार नाही.