मूकसंकेतांचा अर्थ कोणाच्या हाती?

शब्द फसवतात, देह मात्र खरे बोलतो, असे मत व्यक्तिमत्त्वविकासाच्या पुस्तकांतून वारंवार मांडले जाते. संदेशाचा ७ टक्के भाग शब्दांतून, ३८ टक्के स्वरातून आणि ५५ टक्के मुद्रेतून पोचतो, हे सूत्र त्याच्या पुष्ट्यर्थ देण्यात येते. या सूत्राचा उगम अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ मधील प्रयोगांत आहे. तथापि ते प्रयोग बोलणाऱ्याची आवडनिवड ओळखण्यापुरते मर्यादित होते; सर्व संभाषणाला ते सूत्र लावू नये, असे खुद्द मेहराबियन यांनीच स्पष्ट केले आहे. तेव्हा टक्केवारी बाजूस ठेवून मूकसंकेताला अर्थ कोठून येतो, हेच पाहिले पाहिजे.

या विचाराला भरताचे नाट्यशास्त्र आजही उपयोगी पडते. नांदेडच्या पीपल्स कॉलेजात अध्यापन केलेल्या नरहर कुरुंदकरांनी (१९३२–१९८२) या ग्रंथाची चिकित्सा केली, त्यामुळे येथील अभ्यासकांना तो परका नाही. भरताने आंगिक आणि सात्त्विक अभिनय वेगळे मानले. स्वेद, रोमांच, वैवर्ण्य, अश्रू ही सात्त्विकाची उदाहरणे होत. मस्तकाच्या १३ हालचाली आणि ३६ दृष्टी आंगिकात येतात. आंगिक संकेत शिकावे लागतात, आणि नाट्याच्या प्रमाणांत भरत 'लोक' हेही एक प्रमाण मानतो. उपरोक्त पुस्तकांतील गफलत येथेच आहे. घाम फुटण्याविषयी जे काही अंशी म्हणता येईल, ते हात जोडण्याविषयी किंवा नजर झुकविण्याविषयीही खरे धरले जाते.

लोकव्यवहारातील मूकसंकेतांचे उत्तम उदाहरण जनावरांच्या बाजारात सापडते. नांदेड जिल्ह्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा आणि उदगीर तालुक्यातील हाळी-हंडरगुळीचा बाजार ही मराठवाड्यातील प्रसिद्ध ठिकाणे. लालकंधारी वा देवणी बैलाचा सौदा करताना रुमालाखाली हात घालून बोटांनी किंमत ठरविण्याची रीत अशा बाजारांत परिचित आहे. किती बोटे धरली यावरून आकडा कळतो. तो शेकड्यांत की हजारांत, हे जनावर पाहूनच उभयतांनी जाणलेले असते. येथे देह मनातील गुपित उघड करीत नाही. उलट तो गुपित राखतो. चेहरा निर्विकार ठेवणे हे तर या व्यवहारातील कौशल्यच होय.

हीच रीत शेतमालाच्या अडतीत 'हत्ता पद्धत' म्हणून रूढ होती, आणि तेथे तिची दुसरी बाजू दिसली. रुमालाखालचे हात अडत्याचे व खरेदीदाराचे असत; मालाचा धनी शेतकरी शेजारी उभा असूनही त्याला भाव कळत नसे. म्हणूनच बाजार नियमनाने उघड लिलावाचा आग्रह धरला. तूर आणि सोयाबीनसाठी ख्यात असलेल्या लातूरच्या बाजारपेठेत बोलीचा आकडा मोठ्याने उच्चारला जाण्याचे मोल या पार्श्वभूमीवर ध्यानात येते. ज्याला संकेत वाचता येत नाही त्याचे रक्षण तेथे उच्चारित शब्द करतो.

बाजाराबाहेरही हाच न्याय लागू पडतो. वडीलधाऱ्यांपुढे नजर खाली ठेवणे हा खेड्यातील मुलामुलींवर झालेला आदराचा संस्कार. तीच नजर महानगरातील मुलाखतीत आत्मविश्वासाचा अभाव ठरते. उमेदवाराचा देह खोटे बोललेला नसतो. केवळ त्याचे वाचन दुसऱ्या समाजाच्या व्याकरणाने झालेले असते. देहबोलीची पुस्तके अशा वेळी त्याला नजर उचलण्यास शिकवितात, परंतु वाचणाऱ्याला आपले वाचन तपासण्यास सांगत नाहीत.

सारांश, मूकसंकेत ही भाषेआधीची निरागस अवस्था नव्हे. तिलाही नियम आहेत, तिच्यातही साक्षर आणि निरक्षर असे भेद आहेत. तिच्या अभ्यासात संकेताचा अर्थ काय, याइतकेच तो अर्थ ठरविण्याचा अधिकार कोणाकडे आहे, हेही विचारले पाहिजे.