‘मालेगाव के शोले’ : लुटीचे व्याकरण

लुटीचे कथानक हा चित्रपटकलेतील एक जुना आणि लोकप्रिय विषय होय. काही इसम एकत्र येतात, बेत आखतात, कामे वाटून घेतात आणि ठरलेल्या घटकेस धन हस्तगत करतात. बेत सिद्धीस जातो किंवा फसतो. या सांगाड्यात आशयाला फारसा वाव नाही, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु ही माणसे कोणत्या वस्तीतील आहेत व ती कोणती भाषा बोलतात, हा प्रश्न विचारताच या कथानकाचे स्वरूप पालटते. प्रस्तुत लेखात हा प्रश्न धुळ्यापासून सुमारे पन्नास किलोमीटरवर असलेल्या मालेगावच्या एका चित्रपटास विचारावयाचा आहे. शेख नासिर यांनी २००० साली, सुमारे पन्नास हजार रुपयांत, व्हिडिओवर निर्मिलेला ‘मालेगाव के शोले’ हा तो चित्रपट.

आरंभी शब्दांचा निवाडा करणे इष्ट ठरेल. मराठीत परधनाच्या अपहाराला तीन शब्द विशेष रूढ आहेत : चोरी, दरोडा आणि लूट. चोरी गुप्तपणे होते. ती करणारा आपले नाव झाकतो. दरोडा टोळीने आणि बळाने पडतो. हा शब्द कायद्याच्या बाजूने उच्चारला जातो. लूट मात्र उघड असते, आणि तिच्यामागे पुष्कळदा हक्काची भावना असते. खानदेशातील वाचकांस याचे उदाहरण शोधण्यास दूर जावयास नको. १४ एप्रिल १९४४ रोजी शिंदखेडा तालुक्यातील चिमठाणे येथे जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी, डॉ. उत्तमराव पाटील प्रभृती क्रांतिकारकांनी साडेपाच लाख रुपयांचा सरकारी खजिना हस्तगत केला. राज्यकर्त्यांच्या कायद्याने हा दरोडाच होता. लोकस्मृतीत तो ‘खजिन्याची लूट’ म्हणूनच स्थिर झाला. कृती एकच, परंतु ते धन मुळात कोणाचे, याविषयीचा बोलणाऱ्याचा निर्णय शब्दातच अंतर्भूत आहे. इंग्रजीने ‘लूट’ हा शब्दही हिंदुस्थानातूनच उचलला, ही गोष्टही येथे ध्यानी घेण्याजोगी आहे.

आता चित्रपटाकडे वळू. लूटपटाच्या इतिहासात दोन कृती परस्परांस लागून उभ्या आहेत. १९५५ सालच्या जूल्स दासँ यांच्या ‘रिफिफी’त सुमारे अर्धा तास एकही संवाद नाही, चोर मूकपणे आणि कमालीच्या कौशल्याने तिजोरी फोडतात. १९५८ साली मारिओ मोनिचेल्ली यांनी या प्रकाराचे विडंबन केले. त्या चित्रपटाच्या इटालियन नावाचा अर्थ ‘नेहमीचेच अज्ञात इसम’ असा होतो. रोममधील गरीब वस्तीतील हे चोर शेजारच्या रिकाम्या बिऱ्हाडातून गहाणपेढीची भिंत फोडू पाहतात, चुकीची भिंत फोडतात आणि त्याच बिऱ्हाडाच्या स्वयंपाकघरात पोचतात. तेथे सापडलेले हरभरे घातलेले पास्ता खाऊन ते परततात. दासँचे चोर मौनात काम करतात. मोनिचेल्लीचे चोर अखंड बोलतात, आणि त्यांत एक सिसिलीच्या वळणाने बोलतो, तर दुसरा बोलोन्याच्या. भुकेलेल्या माणसांची लूट फसते. पण पडद्यावर त्यांच्या बोलींना जागा मिळते. विडंबनाचा खरा लाभ हाच होय.

मालेगावच्या कृतीचे मूल्यमापन याच दृष्टीने झाले पाहिजे. मालेगाव हे यंत्रमागांचे गाव. १८५७ नंतर उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या विणकरांनी तेथे वस्ती केली. शुक्रवारी माग बंद असतात आणि त्या दिवशी कामगार चित्रपटगृहांकडे व व्हिडिओगृहांकडे वळतात. शेख नासिर हे स्वतः असे व्हिडिओगृह चालवीत. तेव्हा हा चित्रपट प्रेक्षकाने प्रेक्षकासाठी केलेला आहे, हे प्रथम ध्यानात ठेवावे.

१९७५ सालच्या मूळ ‘शोले’त दरोडेखोर घोड्यांवरून मालगाडीचा पाठलाग करतात. सत्तर मिलिमीटरच्या विस्तीर्ण पडद्यासाठी योजलेला तो प्रसंग खर्चाच्या दृष्टीनेही प्रचंड होता. मालेगावात आगगाडीच्या जागी बस आली आणि घोड्यांच्या जागी सायकली. याला केवळ साधनांचा अभाव म्हणणे पुरेसे होणार नाही. घोडा हे कामगाराचे वाहन नव्हे. सायकल हे आहे. दरोड्याचा प्रसंग अशा रीतीने प्रेक्षकाच्या रोजच्या रस्त्यावर उतरतो. हसू येते ते सायकलस्वाराच्या दारिद्र्याचे नव्हे, तर मूळ प्रसंगाच्या डामडौलाचे.

नामांतराचा प्रकार भाषाशास्त्रज्ञाला अधिक रोचक वाटेल. ‘गब्बर’चा येथे ‘रबर’ होतो आणि ‘बसंती’ची ‘बासमती’. पहिल्या नामात आद्य व्यंजन बदलते, द्वित्व लोपते, आणि अंत्य अवयव तसाच राहतो. द्वित्वातील आघात गेल्यामुळे नावातील दराराही जातो; कानाला मूळ नाव ओळखू येते, पण भीती वाटत नाही. दुसऱ्या नामात आदीचा ‘ब’, मधला ‘स’ आणि अंतीची ‘ती’ राखून अर्थ ऋतूवरून तांदळावर आणला आहे. हे बदल यादृच्छिक नाहीत. ओळख पटण्यापुरते ध्वनी राखावयाचे व प्रतिष्ठा तेवढी काढून घ्यावयाची, असा नियम दोहोंत दिसतो. विडंबनाचे शास्त्र न शिकलेल्या माणसांनी तो कानाने सिद्ध केला आहे.

याहून महत्त्वाचे आहे ते शीर्षक. मूळ ‘शोले’तील रामगढ नकाशावर दाखविता येणारे गाव नव्हे, आणि गब्बरची खडी बोली व अवधी यांच्या मिश्रणातून बनलेली भाषाही कोणत्याही एका गावची नव्हे. मालेगावकरांनी या स्थानहीन कृतीला षष्ठीचा प्रत्यय जोडला : ‘मालेगाव के’. व्याकरणात षष्ठी स्वामित्व दर्शविते. कर्त्यांनी मूळ नाव लपविले नाही, बदलले नाही. ते शीर्षकात ठेवून त्यावर आपल्या गावाचा हक्क सांगितला. आरंभी केलेल्या निवाड्यानुसार ही चोरी नव्हे. ही लूट होय, आणि मागील दाराने नव्हे तर भर बाजारपेठेतून केलेली.

‘ही नक्कल आहे, तिला संशोधनाचा विषय का करावे?’ असा आक्षेप येथे संभवतो. त्यास उत्तर असे की, लुटीचे मूल्य लुटलेल्या वस्तूवरून ठरत नाही. तिची वाटणी कोठे होते यावरून ठरते. मालेगावच्या चित्रपटाने कथानक घेतले व ते एका बोलीस दिले. उत्तरेकडून आलेली उर्दू आणि भोवतालची मराठी व अहिराणी यांच्या दीड शतकाच्या सहवासात वावरलेली ही बोली. मुंबईच्या पडद्यावर ती क्वचितच येई, आणि आलीच तर नोकराच्या अथवा विदूषकाच्या तोंडी. येथे ती नायकाच्या, खलनायकाच्या आणि पोलिसाच्याही तोंडी आहे. सर्वच पात्रे एका बोलीत बोलू लागली की, ती बोली हास्यास्पद राहत नाही. ती केवळ भाषा होते.

तथापि या वाटणीत एक मोठी उणीव आहे आणि ती झाकणे समीक्षेस शोभणार नाही. या चित्रपटांत गावातील स्त्रिया भूमिका करीत नसत. स्त्रीपात्रांसाठी नट्या बाहेरगावाहून आणाव्या लागत. फैझा अहमद खान यांच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या २००८ सालच्या माहितीपटात ही वस्तुस्थिती स्पष्ट दिसते. म्हणजे ज्या बोलीला पडदा मिळाला, ती गावच्या पुरुषांची बोली होती. बासमतीच्या तोंडी मालेगावच्या बाईचा आवाज नाही. निम्म्या गावाला वाटा न देणारी लूट पुरती न्याय्य म्हणता येत नाही.

पुढे रीमा कागती यांच्या ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ या चित्रपटाने ही कथा देशभर नेली. तो २८ फेब्रुवारी २०२५ रोजी प्रदर्शित झाला. शेख नासिर आणि त्यांचे सोबती यांच्या जीवनावर तो उघडपणे आधारलेला आहे व त्यामागील आस्थेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु आता मालेगावची बोली मुंबईचे नट शिकून बोलतात. एकेकाळी मुंबईचे कथानक मालेगावने घेतले. आता मालेगावचे कथानक मुंबईने घेतले. या व्यवहारात नासिर यांना कीर्ती मिळाली, हे उचितच झाले. त्यांच्या मूळ चित्रपटांतील बोलणे मात्र सामान्य प्रेक्षकापासून दूरच राहिले.

खानदेशातील भाषाभ्यासकांचे दायित्व येथे सुरू होते. ग्रियर्सन यांनी १९०७ साली खानदेशीचा समावेश मराठीच्या खंडात न करता भिल्ल भाषांबरोबर नवव्या खंडात केला, आणि तेव्हापासून ती ‘बोली की भाषा’ हा वाद चालू आहे. २०११ च्या जनगणनेत खानदेशी ही आपली मातृभाषा म्हणून सांगणारांची संख्या अठरा लाखांहून अधिक आहे. परंतु ‘माले’, ‘तुले’, ‘शे’ ही रूपे घरी सहज उच्चारणारा विद्यार्थी वर्गात ती टाळतो, कारण पडद्यावर ती ऐकताच हसावयाचे असते हे त्याला ठाऊक झालेले आहे. मालेगावच्या प्रयोगाने दाखविले ते इतकेच की, ही सवय बदलण्यासाठी महागड्या साधनांची गरज नसते. बोलीला नोकराच्या भूमिकेतून काढून सर्व भूमिका देणे पुरेसे असते.

यासाठी प्रथम संहिता हाती असली पाहिजे. हे चित्रपट व्हिडिओवर झाले. चुंबकीय फीत काळाने झिजते. २००० सालची फीत आज पंचविशी ओलांडून गेली आहे. पदव्युत्तर वर्गातील दोघातिघांनी एक सत्र खर्ची घालून ‘मालेगाव के शोले’चे संवाद ध्वनिलिपीत उतरवून घेतले आणि ज्या स्त्रियांचा आवाज त्यात नाही त्यांच्या बोलीचे नमुने त्याच गल्ल्यांतून टिपले, तर त्यातून भाषाशास्त्राचा एक उत्तम प्रबंध सिद्ध होईल. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, वाटणीत राहून गेलेला वाटा निदान कागदावर तरी ज्याचा त्याला पोचेल.