शपथ घेणाऱ्यांची यादी

वसाहतकाळात पेनसिल्व्हेनियात गेलेला जर्मन पूर्वज शोधणारे लोक कधी ना कधी 'पेनसिल्व्हेनिया जर्मन पायोनियर्स' या ग्रंथापाशी येतात. राल्फ स्ट्रासबर्गर आणि संपादक विल्यम हिंके यांचे हे तीन खंड १९३४ साली निघाले. फिलाडेल्फिया बंदरात १७२७ ते १८०८ या काळात आलेल्यांच्या जहाजवार याद्या त्यांत आहेत. यादीत आडनाव दिसलं की शोध संपला, असं अनेकांना वाटतं. माझ्या शंका तिथूनच सुरू होतात.

या याद्या कुटुंबांची नोंद ठेवायला केलेल्याच नव्हत्या. जहाजांमागून जहाजं भरून येणारे जर्मन पाहून प्रांताचा कारभार पाहणारे धास्तावले आणि १७२७मध्ये त्यांच्याकडून राजनिष्ठेची शपथ घ्यायचं ठरलं. गंमत म्हणजे ज्याच्या नावानं शपथ, तो दुसरा जॉर्ज स्वतः हॅनोव्हरला जन्मलेला! शपथ फक्त सोळा वर्षांवरच्या पुरुषांनी घ्यायची. त्यामुळे कप्तानांनी दिलेल्या काही याद्या सोडल्या, तर बायका-मुलं गायब. शपथेच्या यादीत वाटेत मेलेलेही नाहीत. १७५०मध्ये तिकडे गेलेल्या गोटलीब मिटलबर्गरनं प्रवासातली उपासमार, आजार आणि भाड्यापायी अनेक वर्षांच्या चाकरीला बांधली जाणारी माणसं, हे सगळं लिहून ठेवलंय. यादीत त्यातलं काहीच उमटत नाही.

ग्रंथाचं खरं बळ आहे दुसऱ्या खंडात. तिथे सह्यांच्या हुबेहूब प्रती छापल्या आहेत. कारकुनानं इंग्रजी कानानं ऐकून लिहिलेलं नाव आणि माणसानं स्वतःच्या हातानं केलेली सही शेजारी ठेवून पाहा. मूळ आडनाव कित्येकदा तिथेच कळतं. ज्याला लिहिता येत नव्हतं, त्याची नुसती खूण.

पण आजी शोधायची, तर हे खंड मिटून लुथरन आणि रिफॉर्म्ड चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्या उघडाव्या लागतात. तिथे आईचं नाव सापडतं. बाळाचे धर्ममाता-धर्मपिता सापडतात आणि ते पुष्कळदा नातेवाईक किंवा मूळ गावचे शेजारी निघतात. त्यांच्या मागावर गेलं, तर राइनकाठचं गावही हाती लागू शकतं.

म्हणून हा ग्रंथ जरूर वाचा, पण कुलवृत्तांत समजून नको. सरकारला ज्यांची धास्ती वाटली, तेवढ्यांचीच नावं त्यात राहिली आहेत.