‘जात्याच’ या शब्दाचा हिशेब

कॅमिला बेनबो आणि ज्युलियन स्टॅनली यांचा १९८० सालचा ‘सायन्स’मधला लेख जेमतेम तीन पानांचा आहे. त्यावर बोलणारे पुष्कळ, वाचलेले थोडे. गणितात हुशार मुलं शोधण्यासाठी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने सातवी-आठवीच्या सुमारे दहा हजार मुलामुलींना एसएटी, म्हणजे कॉलेजप्रवेशाची परीक्षा, द्यायला लावली होती. गणितात मुलगे पुढे निघाले. आकड्यांशी माझं भांडण नाही. पण ‘तोवर सगळ्यांनी वर्गात सारखंच गणित शिकलेलं असतं, तेव्हा फरक शिकवण्यातला नव्हे’ हा तर्क लंगडा आहे. गणित काय फक्त वर्गात शिकतात? तरीही, परिस्थितीचाही वाटा असेल, एवढी फट लेखकांनी ठेवली होती. वृत्तपत्रांनी ती बुजवली. पुरुषांत गणिताचं जनुक असतं का, असा मथळाच ‘न्यूजवीक’ने दिला.

आपल्याकडे याला ‘जात्याच’ म्हणतात. मोठा सोयीचा शब्द. तो उच्चारला की पुढची चौकशी थांबते.

जॅनिस जेकब्स आणि जॅकलीन एकल्स त्याच सुमारास पालकांचा अभ्यास करत होत्या, त्यामुळे या बातम्यांआधीची आणि नंतरची मतं त्यांच्या हाती आली. बातम्या वाचलेल्या आयांचा आपल्या मुलींच्या गणितावरचा भरवसा कमी झाला होता. मुली त्याच होत्या, त्यांचे गुणही तेच. या सगळ्या प्रकरणात मला हाच पुरावा सर्वांत बोलका वाटतो, आणि नेमका तोच कुणी उद्धृत करत नाही.

१९८३ मध्ये बेनबो-स्टॅनलींनी सर्वोच्च गुणांच्या गटात तेरा मुलांमागे एक मुलगी दाखवली. १९९०च्या दशकात हे प्रमाण चारास एकच्या आसपास उतरलं आणि मग तिथेच रेंगाळलं. दहा-बारा वर्षांत जनुकं बदलत नाहीत. उरलेल्या चारास एकवर वाद आहे. तो असू द्यावा.

२००६ मध्ये दार-निम्रोद आणि हाइने यांनी कॅनडात विद्यार्थिनींना गणिताच्या परीक्षेआधी निबंध वाचायला दिले. फरक जनुकांमुळे आहे, असं वाचलेल्या मुलींना कमी गुण पडले. फरक अनुभवातून येतो, असं वाचलेल्या मुलींनी मात्र फरकच नाही असं वाचलेल्यांच्या बरोबरीने गुण मिळवले. प्रयोग लहान, प्रयोगशाळेतला; त्यावर इमले बांधू नयेत. पण ‘फरक आहे’ हे दोन्ही गटांनी वाचलं होतं. वेगळं होतं ते फक्त कारण.