नागपंचमी : शिराळ्याचा नाग आणि पालि वाङ्मयातील नाग

श्रावण शुद्ध पंचमीस सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळा येथे होणाऱ्या नागपूजेविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यातील बहुतेक लेखन एक तर कौतुकाचे आहे, नाहीतर निषेधाचे. या पूजेमागील कल्पनेची चिकित्सा मात्र क्वचितच आढळते. पालि साहित्यात नागाला मोठे स्थान असल्याने आपल्या वाचकांस हा विषय परका वाटू नये.

शिराळ्याची आख्यायिका सर्वपरिचित आहे. गोरक्षनाथ भिक्षेसाठी महाजनांच्या दारी आले असता घरची गृहिणी मातीच्या नागाची पूजा करीत होती. भिक्षा वाढण्यास विलंब झाला. त्याचे कारण कळताच नाथांनी मातीचा नाग जिवंत केला आणि तेव्हापासून गावात जिवंत नाग पुजला जाऊ लागला. या कथेतील एक गोष्ट कोणी फारशी लक्षात घेत नाही. मातीचा नाग आधीचा व जिवंत नाग नंतरचा, असे ही कथा स्वतःच सांगते. पुढे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या आधारे मुंबई उच्च न्यायालयाने जिवंत नागांची पूजा व मिरवणूक यांवर निर्बंध घातले, आणि शिराळकरांना पुन्हा प्रतिमेकडे वळावे लागले. परंपरा बुडाल्याची तक्रार तेव्हा झाली. आख्यायिकेच्या हिशेबाने ती मूळ पदावर आली, असेच म्हणावे लागेल. २०२५ साली केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने शैक्षणिक हेतूने २१ नाग पकडण्यास परवानगी दिली, तेव्हा हा वाद पुन्हा उभा राहिला.

अंगुत्तरनिकायातील अहिराजसुत्त येथे आठवते. श्रावस्तीत एक भिक्षू सर्पदंशाने मरण पावला. त्यावर भगवंतांनी विरूपक्ख, एरापथ, छब्यापुत्त व कण्हागोतमक या चार अहिराजकुळांविषयी मैत्रीचित्त पसरविण्यास सांगितले. तोच खंधपरित्ताचा उगम होय. या परित्तात पाय नसलेल्या प्राण्यांपासून बहुपादांपर्यंत सर्वांविषयी मैत्री व्यक्त होते, आणि शेवटी या जीवांनी आपल्या वाटेने निघून जावे अशी विनवणी येते. नागाला बोलवावे, धरावे, मडक्यात ठेवावे, त्याच्यापुढे दूध ठेवावे, असे त्यात काही नाही. साप दूध पचवू शकत नाही, हे आता शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे.

उलट याच सणातील स्त्रियांचे आचार पाहावेत. या दिवशी नांगर धरायचा नाही, जमीन खणायची नाही, विळीने चिरायचे नाही, तवा चुलीवर ठेवायचा नाही. म्हणून उकडलेली पुरणाची दिंडं करावयाची. नांगराच्या फाळाने नागिणीची पिले मेल्याची कहाणी या निषेधांमागे आहे. नकळत घडलेल्या हिंसेची जाणीव जिच्यात आहे अशी ही कहाणी परित्ताला मिरवणुकीपेक्षा कितीतरी जवळची आहे. सणाचा अर्थ शोधायचाच तर तो मला येथे सापडतो.

आता आपल्याच मंडळींच्या एका मताविषयी. नागपंचमी हा पाच नागराजांचा, म्हणजे नागवंशीय बौद्ध राजांचा स्मृतिदिन होता व पुढे त्याचे सापाच्या पूजेत रूपांतर झाले, असे व्याख्यानांतून वारंवार सांगितले जाते. १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूर येथील भाषणात बाबासाहेबांनी नाग लोकांनी बौद्ध धर्माचा प्रसार केल्याचे सांगितले होते, हे खरे. परंतु तेथून पंचमीच्या पाच राजांपर्यंतची उडी आपण मारलेली आहे. नाग म्हणजे सर्पपूजक मूळ निवासी, ही कल्पना फर्ग्युसनने १८६८ मध्ये मांडली. फोगेलने १९२६ च्या आपल्या ग्रंथात ती मान्य केली नाही. पंचमी ही तिथी आहे, राजांची संख्या नव्हे. तसे असते तर ऋषिपंचमीला पाचच ऋषी राहिले असते!

विनयपिटकाचा पुरावा तर अधिक अडचणीचा आहे. महावग्गातील नाग आपल्या नागयोनीला कंटाळून मनुष्यरूपाने प्रव्रज्या घेतो. झोपेत त्याचे खरे रूप उघड होते आणि त्याचे शरीर विहारभर पसरते. भगवंत त्याला चतुर्दशी, पौर्णिमा व अष्टमीचा उपोसथ पाळण्यास सांगून परत पाठवितात, आणि तिरच्छानगत प्राण्यास उपसंपदा देऊ नये असा नियम होतो. उपसंपदेच्या वेळी ‘तू मनुष्य आहेस ना?’ असे आजही विचारले जाते. येथील नाग हा एखाद्या मानववंशाचा पुरुष मानला, तर त्या वंशाला संघाचे दार बंद होते असा अर्थ निघेल, आणि तो आपल्यापैकी कोणालाही मान्य होणार नाही. भारहुतच्या शिल्पात एरापत नागराज फणाधारी मनुष्यरूपात वंदन करतो हे खरे. पण त्याच प्रसंगात तो सर्परूपातही कोरलेला आहे. नाग नावाची घराणी इतिहासात होती. त्यांचा अभ्यास शिलालेख व नाण्यांवरून व्हावा, सणाच्या नावावरून नव्हे.

सातारा जिल्ह्यातील ‘बोरीचा बार’ याच सणाला जोडलेला आहे. खंडाळा तालुक्यातील सुखेड व बोरी या गावांच्या स्त्रिया पंचमीच्या दुसऱ्या दिवशी ओढ्याच्या दोन काठांवर उभ्या राहून हातवारे करीत एकमेकींना शिव्या देतात. आमच्या एका सहाध्यायाने याला धम्मपद-अट्ठकथेतील बालनक्खत्त म्हटले होते. श्रावस्तीतील त्या सणात सात दिवस लोक अंगाला राख व शेण फासून असभ्य बोलत हिंडत, उपासकांनी विनंती केल्यावरून भगवान संघासह विहारातच राहिले, आणि आठव्या दिवशी नगरात भिक्षेस आले. तुलना वरवर पटते. तथापि अट्ठकथेतील ते लोक दारोदार जाऊन अर्धा पण वसूल केल्याखेरीज हलत नसत. बोरीच्या ओढ्यावर कोणी कोणाकडून काही घेत नाही, आणि वर्षभर तोंड मिटून राबणाऱ्या बाईला त्या दिवशी कोणी अडवीतही नाही.