हरवण्याचा अधिकार

१९७२च्या दुष्काळात माझा आतेभाऊ घरातून निघून गेला. तो बारा वर्षांचा होता. आत्या आणि तिचा नवरा दुष्काळी कामावर खडी फोडत होते. संध्याकाळी परतले तर पोरगा झोपडीत नव्हता. दोन दिवस त्यांनी वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी पुन्हा कामावर गेले, कारण हजेरी बुडाली असती. पोलीसपाटलाकडे कुणी गेले नाही. त्याच उन्हाळ्यात गावातल्या एका बागायतदाराचा बैल चुकला, तेव्हा चार माणसे दोन दिवस रान धुंडाळत होती. आमच्या वस्तीत आजही त्या पोराविषयी बोलताना 'हरवला' असे कुणी म्हणत नाही. 'गेला' म्हणतात. हरवायला मागे शोधणारे कुणीतरी असावे लागते.

हे सारे पुन्हा आठवले ते एका अमेरिकन मालिकेमुळे. माझ्या एका विद्यार्थ्याने ती मला दाखवली आणि वर विचारले, "सर, अवकाशात हरवलेल्या पोरांच्या गोष्टीशी आपला काय संबंध?" त्या वेळी मला नीट उत्तर देता आले नाही. प्रस्तुत लेख हे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे.

मालिकेचे नाव 'स्केलेटन क्रू'. जॉर्ज लुकास ह्यांनी १९७७ साली 'स्टार वॉर्स' ह्या चित्रपटाने जे कथाविश्व सुरू केले, त्याचीच ही एक शाखा. जॉन वॉट्स आणि ख्रिस्तोफर फोर्ड हे तिचे कर्ते. आठ भागांची ही मालिका डिसेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ ह्या काळात डिस्नेने दाखवली. विम, फर्न, केबी आणि नील ही चार शाळकरी मुले. त्यांना रानात पुरलेले एक जुने जहाज सापडते, विमच्या हातून भलतीच कळ दाबली जाते आणि जहाज त्यांना घेऊन आकाशात उडते. पुढे सगळी धडपड घरी परतण्याची. वाटेत त्यांना जॉड नावाचा एक लबाड माणूस भेटतो. ज्यूड लॉ ह्या नटाने ही भूमिका केली आहे. मुलांच्या मनात एकच प्रश्न राहतो: ह्याच्यावर विश्वास ठेवावा की ठेवू नये? स्टीव्हन्सनच्या 'ट्रेझर आयलंड'मधल्या जिम आणि सिल्व्हरचे नाते ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही चाल ओळखीची वाटेल.

कर्त्यांचे कसब आधी मान्य केले पाहिजे. ह्याच दोघांनी २०१५ साली 'कॉप कार' नावाचा एक छोटा चित्रपट लिहिला होता आणि वॉट्स ह्यांनी तो दिग्दर्शित केला होता. दोन मुलांना माळावर पोलिसाची सोडून दिलेली गाडी सापडते आणि ती ते पळवतात, एवढीच त्याची कथा. गाडीच्या जागी जहाज आले, माळाच्या जागी अवकाश आले. मोठ्यांच्या जगाचे यंत्र मुलांच्या हाती लागले की त्या जगाची लबाडी उघडी पडते, हे सूत्र मात्र तेच राहिले. ह्या मालिकेतला सर्वांत बोलका प्रसंग पैशाचा आहे. मुले चाच्यांच्या बंदरावर उतरतात, भूक लागते, तेव्हा विम खाऊसाठी मिळालेले नाणे सहज पुढे करतो. पाहणाऱ्यांचे डोळे विस्फारतात. बाहेरच्या जगात ते जुन्या राज्याचे दुर्मीळ धन असते आणि पोराच्या खिशात ते दुपारच्या जेवणाचे पैसे म्हणून पडलेले असते. श्रीमंती म्हणजे काय, हे एका भाषणाविना इथे कळते. आपल्याजवळ जे आहे त्याची किंमत ठाऊक नसणे, हीच खरी श्रीमंती.

ह्या मुलांचे घर अ‍ॅट अ‍ॅटिन नावाच्या ग्रहावर आहे. ग्रहाभोवती एक विषारी पडदा आहे. आतले कुणी बाहेर जात नाही, बाहेरचे कुणी आत येत नाही. आत टुमदार घरे, हिरवळ, वेळेवर धावणारी ट्राम, शाळा. मोठी माणसे 'महान कार्य' नावाच्या एका कार्यात गुंतलेली असतात. मुलांची एक परीक्षा होते आणि त्या कार्यात प्रत्येकाची जागा कोणती, हे ती परीक्षा ठरवते. शेवटी कळते की हा ग्रह म्हणजे एक टांकसाळ आहे. ज्या राज्यासाठी ती नाणी पाडते, ते राज्य केव्हाच बुडाले आहे. तरीही यंत्रे नाणी पाडत आहेत, कारकून हिशेब लिहीत आहेत आणि एक यंत्रमानव पर्यवेक्षक जुन्या हुकमाप्रमाणे सगळ्यांवर लक्ष ठेवून आहे. हुकूम देणारे संपले तरी हुकूम चालू राहतो. बाबासाहेबांनी १९३६ साली जातिव्यवस्थेविषयी लिहिताना बजावले होते की ही केवळ श्रमाची विभागणी नाही, ही श्रमिकांची विभागणी आहे. परीक्षेच्या दिवशीचे विमचे तोंड पाहताना मला ते आठवले.

मात्र ही तुलना ताणू नये. अ‍ॅट अ‍ॅटिनवर जागा ठरते ती परीक्षेने, जन्माने नव्हे. माझ्या शाळेत परीक्षेची वाट पाहण्याचे कारण नव्हते. आवारात कुत्रे मेले की गुरुजींची नजर न चुकता आमच्याच बाकाकडे वळे. आमचे मूल्यमापन पहिल्या दिवशी, हजेरीपटावरच्या आडनावावरून झालेले असे. दुसरा फरक कुंपणाचा. आमच्या गावाच्या कुसाने आम्हाला बाहेर ठेवले. अ‍ॅट अ‍ॅटिनचा पडदा सुखाला आत ठेवतो. म्हणजे ही कथा कुसाच्या आतल्या मुलांची आहे. ती आपली नाही, आणि म्हणूनच ती आपण नीट पाहिली पाहिजे.

कुसाच्या आतले ते गाव कुठून आले, हे ओळखणे अवघड नाही. ती टुमदार घरे आणि ती हिरवळ म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतरचे अमेरिकन उपनगर. १९४७ साली न्यूयॉर्कजवळ लेव्हिटटाउन वसले आणि अशा उपनगरांचा नमुना ठरले. तिथल्या मूळ करारात गोऱ्यांखेरीज इतरांना घर वापरू देण्यास मनाई करणारे कलम होते. १९४८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने असले करार न्यायालयांमार्फत अमलात आणता येणार नाहीत असा निर्णय दिला, पण म्हणून दारे उघडली नाहीत. १९५७ साली पेन्सिल्व्हेनियातल्या लेव्हिटटाउनमध्ये विल्यम आणि डेझी मायर्स हे कृष्णवर्णीय जोडपे मुलाबाळांसह राहायला आले, तेव्हा घरासमोर जमाव जमला आणि दगड आले. हे नवल नव्हे, वस्ती सोडून मुख्य गावात घर बांधू पाहणाऱ्या कुणालाही हे दगड ओळखीचे वाटतील. आता ह्या मालिकेतल्या उपनगरात विमचे वडील कृष्णवर्णीय आहेत. टुंडे अ‍ॅडेबिंपे ह्यांनी तो शांत, कामाने दमलेला विधुर बाप फार प्रामाणिकपणे उभा केला आहे. त्यांच्या दारात कुणी जमत नाही, दगड मारत नाही. हे चांगलेच झाले. पण मायर्स कुटुंबावर आलेल्या दगडांची आठवण पुसून झाले. सर्वांना आत घेतले आणि कुंपणाचा इतिहास मात्र बाहेर ठेवला. प्रस्थापितांची उदारता बहुधा अशीच असते.

ह्या मालिकेचे पूर्वज म्हणून १९८५च्या 'द गूनीज' ह्या चित्रपटाचे नाव हटकून घेतले जाते. तोही खजिना शोधणाऱ्या मुलांचा चित्रपट. पण त्या मुलांना खजिना का हवा होता? धनिकांचे मैदान वाढवण्यासाठी त्यांच्या आईबापांची घरे जाणार होती, ती वाचवायला. चाळीस वर्षांनी त्याच परंपरेतली मुले खजिना शोधायला बाहेर पडतच नाहीत, कारण त्यांचे घर हाच खजिना आहे. घर गमावण्याची भीती असलेल्या मुलांकडून कथा सुखवस्तू मुलांकडे सरकली. मला वाटते, हा बदल कथेपुरता नाही, कथा सांगणाऱ्या वर्गाचाही आहे.

आणि तरीही ही मालिका मला खोटी वाटली नाही. कारण कुसाबाहेरच्या दोन मुलांना तिने आत येऊ दिले आहे. चौथ्या भागात ही चौघे अ‍ॅट अ‍ॅक्रान नावाच्या ग्रहावर पोचतात. क्षणभर त्यांना घरीच आल्यासारखे वाटते, कारण गाव त्याच आराखड्याचे आहे. तेच रस्ते, तीच शाळा. पण सारे पडलेले, जळलेले. पडदा नसलेल्या अ‍ॅट अ‍ॅटिनचे हे प्रेत. तिथली मुले शस्त्रे घेऊन फिरतात. नील हा चौघांतला भित्रा, मायाळू मुलगा. त्याला तिथे हायना नावाची मुलगी भेटते. मुलांना लढाईला का पाठवतात, हे त्याला कळत नाही आणि ह्यात न कळण्यासारखे काय आहे, हे तिला कळत नाही. दोघांचे वय सारखेच, पण बालपण एकालाच मिळालेले. भागाच्या शेवटी चौघे निघून जातात आणि हायना तिथेच राहते. तिला कुणी हरवलेले मूल म्हणत नाही. ती तर तिच्या घरीच आहे!

दुसरे मूल म्हणजे जॉड. शेवटच्या भागात तो आपले बालपण सांगतो. उपाशी, बेवारस पोर. एका जेडाय स्त्रीला तो सापडला. जेडाय म्हणजे ह्या कथाविश्वातले योद्धे साधक. ती स्वतःच लपून राहत होती. तिने त्याला थोडेसे शिकवले. मग तिला शोधून काढून मारले आणि ते ह्या पोराला पाहायला लावले. आठ भाग आपण ज्याला खलनायक समजत आलो, तोच ह्या कथेतला खरा हरवलेला मुलगा निघतो. त्याला शोधायला पडदा ओलांडून कुणी आले नाही. विम आणि फर्न ह्यांच्या आईबापांनी नियम मोडून आपल्या मुलांसाठी पडद्याबाहेर निरोप पाठवले. जॉडला निरोप कोण पाठवणार? शेवटी पडदा हटतो, बाहेरची लढाऊ विमाने मदतीला येतात, मुले आईबापांच्या मिठीत जातात. जॉड बाजूला उभा राहून पाहतो. त्याचे पुढे काय झाले, हे मालिका सांगत नाही.

माझा आक्षेप नेमका इथे आहे. कर्त्यांना सत्य दिसले नाही, असे मी म्हणत नाही. दिसले, त्यांनी ते चांगल्या नटाच्या तोंडी घातले आणि मग कॅमेरा मिठ्यांकडे वळवला. बेवारस पोर मोठा झाला की चाचा होतो, हे त्यांनी दाखवले. त्याला बेवारस कुणी केले, हा प्रश्न तेवढा विचारला नाही. जेम्स बॅरीच्या 'पीटर पॅन'मध्येही हेच आहे. दाईचे लक्ष नसताना बाबागाडीतून पडलेली आणि सात दिवसांत कुणी न्यायला न आलेली मुले त्या अद्भुत बेटावर जातात. सात दिवसांत कुणी का आले नाही, हे तिथेही विचारलेले नाही. बॅरीपासून डिस्नेपर्यंत न विचारलेला प्रश्न तोच आहे.

तो विचारणारी कलाकृती आपल्याकडे झाली आहे. २०१३चा नागराज मंजुळे ह्यांचा 'फॅन्ड्री' आठवावा. त्यातला जब्याही वयात येणारा मुलगाच. त्याचाही एक जादूचा शोध आहे, काळ्या चिमणीचा. पण जब्याला हरवताच येत नाही. डुकरे धरताना तो शाळेतल्या मुलीच्या नजरेतून लपू पाहतो आणि सारे गाव त्याला पाहत असते. विमला घर सापडत नाही, ही विमची व्यथा. जब्याला लपायला जागा सापडत नाही, ही जब्याची. म्हणून एकाचे वयात येणे मिठीने संपते आणि दुसऱ्याचे दगडाने. तो दगड थेट प्रेक्षकाच्या दिशेने येतो.

माझ्या विद्यार्थ्याला आता मी एवढेच सांगेन. आपल्या साहित्याने बालपण लिहिले ते बहुतेक आत्मकथनांतून, मागे वळून, मोठ्यांसाठी. ते आवश्यक होते. पण बारा वर्षांच्या पोराने वाचावी, पाहावी अशी साहसकथा आपण त्याला फारशी दिली नाही. अवकाश, जहाज, खजिना हे सारे आपण परक्यांचे समजून सोडून दिले. ते परक्यांचे नाही. मात्र आपण ही कथा लिहू तेव्हा ती पडद्याच्या आतून सुरू होऊ नये. ती हायनापासून सुरू व्हावी, जॉडपासून सुरू व्हावी. तिच्यात घरी परतणे हे ध्येय नसेल, कारण परतावे असे घर आधी उभे करायचे आहे. आणि तिच्यात कुणीतरी एका पोराला शोधत निघालेले असेल.

आत्या गेली तेव्हा तिच्या ट्रंकेत एक लहान सदरा सापडला, बारा वर्षांच्या मुलाच्या मापाचा. दुष्काळी कामाच्या मजुरीतून तिने तो केव्हातरी शिवून घेतला होता. हजेरी बुडेल म्हणून ती शोधायला जाऊ शकली नाही. वस्ती 'गेला' म्हणत राहिली. तिच्या लेखी मात्र तो हरवला होता. त्या सदऱ्याची गोष्ट अजून कुणी लिहिलेली नाही.